बिव्हेरियाची पुडी आणि मित्रकोळ्याची पिशवी : हिंगण्याच्या शेडनेटमधून

नागपूरजवळच्या हिंगण्याच्या पुढं माझं 10 गुंठ्यांचं शेडनेट आहे, त्यात काकडी. यंदा पोळा झाला, पाऊस ओसरला आणि आठवड्यातच पानांवर बारीक रवा सांडल्यासारखे पिवळे ठिपके आले. पान उलटवून भिंग लावलं तर लाल कोळी, म्हणजे पानाचा रस शोषणारी बारीक कीड, जाळीसुद्धा धरलेली. कोळीनाशकाच्या तीन फवारण्या झाल्या होत्या. मागच्या साली ज्या औषधानं काम केलं, ते यंदा त्याला पाणीच वाटत होतं.

म्हणून शहरातल्या एका जैविक निविष्ठांच्या दुकानातून दोन गोष्टी आणल्या. एक बिव्हेरिया बॅसियाना 1.15 टक्के, किडीला मारणाऱ्या बुरशीची पावडर. दुसरी जिवंत मित्रकोळी, लाल कोळ्याला खाणारी, नियोसिय्युलस लाँगिस्पिनोसस. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण पुढं तक्रार आहे आणि चूक निम्मी माझी आहे.

पावडर चांगली निघाली. पुडीवर नोंदणी क्रमांक, बॅच, तारीख सगळं होतं. लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 75 ग्रॅम. आधी बादलीत कालवून जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून घ्या, नाहीतर नोझल चोंदतं आणि अंधारात पिन शोधत बसावं लागतं. अंधारात म्हणतो, कारण फवारायचं सायंकाळीच. उन्हानं बीजाणू मरतात. आणि बुरशी आहे, तिला ओल लागते. मी दोन रात्री फॉगर, म्हणजे पाण्याचं धुकं सोडणारं यंत्र, चालवला. सहाव्या दिवशी एका पानावर पांढऱ्या कापसाचा इवलासा ठिपका दिसला. भिंगातून पाहिलं तर खाली मेलेला कोळी. त्या दिवशी बायकोलाही भिंग दिलं.

पण नुसत्या बिव्हेरियानं भागत नाही. ती मोठ्या कोळ्याला धरते, अंडी बहुतेक वाचतात. पिल्लू कात टाकतं तेव्हा अंगावरचे बीजाणूही कातीसोबत जातात. तिथं मित्रकोळी कामाला येते, ती अंडी खाते. लाल कोळी सुस्त, पाठीवर दोन काळे डाग. मित्रकोळी चकचकीत, थेंबाच्या आकाराची, अन् पळते अशी की भिंग स्थिर धरता येत नाही.

आता तक्रार. मित्रकोळी घेवड्याच्या पानांसकट कागदी पिशवीत देतात. पिशवीवर फक्त हातानं लिहिलेली तारीख. कागदावर किती सोडायची ते होतं, फवारणीच्या आधी की नंतर, ते नव्हतं. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "भाऊ, दोन्ही एकाच दिवशी टाका, काही होत नाही." काहून ऐकलं मी त्याचं! मित्रकोळीही शेवटी कोळीच, ओल्या फवाऱ्यात ती कशी टिकणार? त्यात मी पिशवी स्कूटरच्या डिक्कीत ठेवून सीताबर्डीत दोन कामं उरकली होती. पहिली पिशवी वाया गेली.

दुकानाच्या मालक ताईंना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसरी पिशवी निम्म्या भावात दिली. आणि क्रम सांगितला: आधी बिव्हेरिया, पाच दिवस थांबायचं, पानं कोरडी असताना सायंकाळी मित्रकोळी सोडायची. घेवड्याची पानं काकडीच्या वेलात अडकवून ठेवायची, ती आपली उतरते. हे कागदावर छापायला काय जातं?

अजून एक, जे कुणीच सांगत नाही. काकडीला भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणारा बुरशीचा रोग, येते आणि आपला हात गंधकाकडं जातो. या काळात गंधक बंद. बुरशीनाशकानं बिव्हेरिया मरते आणि गंधक मित्रकोळीलाही भोवतं. मी भुरीची पानं खुडून पोत्यात भरली, पंधरा दिवस तेच केलं. कंटाळवाणं आहे.

ताईंचा एक गुण मात्र सांगतो. माझा साळा काटोलचा, संत्र्यावरच्या मंगूसाठी, म्हणजे कोळ्यामुळं फळाची साल खराब होते त्या रोगासाठी, हीच पिशवी मागायला गेला होता. त्याला त्यांनी सरळ नाही म्हटलं. मंगूचा कोळी वेगळा, फार बारीक, आणि ही मित्रकोळी जाळीवाल्या लाल कोळ्यावर जगते. गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार हल्ली कुठं भेटतो!

पावडरीला पाचपैकी साडेचार, मित्रकोळीला साडेतीन, त्या माहितीच्या कागदाला एक. एप्रिल-मेमध्ये आणू नका बाप्पा, आपल्याकडच्या 45 अंशांत आणि कोरड्या हवेत दोघींचंही काही चालत नाही.

तीन आठवड्यांनंतर मधल्या ओळींत नवी पानं हिरवी निघत आहेत, जाळी नाही. पश्चिमेकडची, ऊन लागणारी ओळ अजून ठिपक्यांनी भरलेली आहे. तिच्यासाठी गुरुवारी आणखी एक पिशवी आणायची आहे. थर्माकोलचा डबा आत्ताच स्कूटरला बांधून ठेवला.