आईंचं केअर असेसमेंट: आठ महिन्यांनंतर

इंग्लंडमध्ये सासूसासऱ्यांना किंवा आईवडिलांना घरी सांभाळणाऱ्यांसाठी हे लिहितेय. केअर असेसमेंट म्हणजे माणसाला रोजच्या जगण्यात किती मदत लागते, याची कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, केलेली तपासणी.

माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या. स्ट्रोकनंतर उजवा हात कामातून गेला आणि पन्नास वर्षांत इथे शिकलेलं इंग्रजीही बरंचसं गेलं. मराठी तेवढं शाबूत राहिलं. घर स्वतःचं, थोडी शिल्लक आहे, मग कौन्सिल आपल्याला कशाला विचारेल, असं ह्यांचं म्हणणं. पण असेसमेंट फुकट असतं, पैशांची चौकशी नंतर. केअर ॲक्ट २०१४ प्रमाणे मदतीची गरज दिसत असेल तर कौन्सिलला ते करावंच लागतं.

पहिली भेट वाया गेली. आईंनी सकाळी माझ्याकडून इस्त्रीची साडी नेसवून घेतली, केस विंचरून घेतले, आणि आलेल्या बाईंना प्रत्येक प्रश्नाला सांगितलं, "माझं मी करते." दुभाषी आला होता तोही हिंदीचा. त्याच्याशी आई अदबीने "ठीक है" म्हणत राहिल्या. परक्यांसमोर त्यांना खोटं कसं पाडायचं, म्हणून मी गप्प बसले. तीन आठवड्यांनी पत्र आलं: पात्र नाही.

मग मी नियम वाचले. खाणंपिणं, अंगाची स्वच्छता, संडास, कपडे, घरातला सुरक्षित वावर अशा दहा गोष्टी आहेत. आजारपणामुळे त्यांतल्या किमान दोन जमत नसतील आणि त्याचा जगण्यावर मोठा परिणाम होत असेल, तर माणूस पात्र ठरतो. आणि करता येतं पण खूप दुखतं, जिवाला धोका आहे किंवा फारच वेळ लागतो, तर तेही 'जमत नाही' असंच धरतात. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं! ब्लाउजचे हुक लावायला आईंना चाळीस मिनिटं लागायची.

दोन आठवडे सगळं वहीत लिहिलं. रात्री किती वेळा उठवलं, कधी तोल गेला, कोणत्या दिवशी अंघोळ टाळली. ते जोडून पुन्हा अर्ज केला, मराठी दुभाषीच हवा असं लिहून. या वेळच्या बाईंनी मराठीत विचारलं, "आजी, अंघोळीला सोबत कोण असतं?" आई रडायलाच लागल्या. "सुनेला किती राबवायचं," म्हणाल्या. त्यानंतर सगळं खरं सांगितलं.

आता सकाळी पाऊण तास केअरर, म्हणजे मदतनीस बाई, येते. बाथरूममध्ये कठडे बसले, शॉवरची खुर्ची मिळाली. १,००० पौंडांपर्यंतच्या अशा छोट्या बदलांचे पैसे घेत नाहीत. घरी मिळणाऱ्या मदतीच्या हिशेबात राहतं घर धरत नाहीत. शिल्लक २३,२५० पौंडांच्या वर असेल तर सगळा खर्च आपला. आईंची कमी आहे, म्हणून दर आठवड्याला थोडा वाटा भरतो. जादा धुणं आणि हीटिंगची बिलं दाखवल्यावर तोही कमी झाला. अटेंडन्स अलाउन्स, म्हणजे देखभाल लागणाऱ्या वृद्धांना मिळणारा सरकारी भत्ता, वेगळा; त्याला उत्पन्नाची अट नाही. सांभाळणाऱ्याचं वेगळं असेसमेंट असतं, ते मी फार उशिरा मागितलं.

केअरर सारख्या बदलतात, हे मात्र आईंना फार लागतं. पुढच्या रिव्ह्यूला डायरेक्ट पेमेंट, म्हणजे मदतीचे पैसे कौन्सिलकडून थेट आपल्या हातात, असं मागणार आहे; मग आपल्या भाषेतली बाई आम्हीच ठेवू शकू. वही पुन्हा सुरू केलीय. "काल जिन्यात पाय घसरला, तेही लिही," असं आता आई स्वतःच सांगतात.