प्री-मेडचं पहिलं सेमिस्टर: दोन लॅब की एक?

अमेरिकेत बहुतेक कॉलेजांत प्री-मेड, म्हणजे पदवीनंतर मेडिकल स्कूलला जाण्याची तयारी, हा स्वतंत्र मेजर (पदवीचा मुख्य विषय) नसतो, त्यामुळे कोणता विषय कधी घ्यायचा हे ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं. मेडिकल स्कूल्स साधारण हे मागतात: बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स, प्रत्येकी वर्षभर, लॅबसकट, एक सेमिस्टर बायोकेमिस्ट्री, शिवाय इंग्रजी लेखन आणि गणित किंवा स्टॅटिस्टिक्स. खरा पेच पहिल्याच ऑगस्टमध्ये पडतो: पहिल्या सेमिस्टरला लॅबचे दोन विषय घ्यायचे की एकच?

दोन लॅब: केमिस्ट्री 4, बायोलॉजी 4, कॅल्क्युलस 4, लेखन 3. एकूण 15 क्रेडिट.

एक लॅब: केमिस्ट्री 4, कॅल्क्युलस 4, लेखन 3, सायकॉलॉजी 3. एकूण 14 क्रेडिट.

फरक एका क्रेडिटचा दिसतो, पण क्रेडिट मोजण्यातच फसगत होते. लॅबचं क्रेडिट एकच, पण ती आठवड्याला तीन तास खाते आणि वर रिपोर्टचे दोन-तीन तास. बायोलॉजीच्या जागी सायकॉलॉजी घेतली की आठवड्याचे पाच-सहा तास सुटतात. त्याहून मोठी अडचण परीक्षांची. केमिस्ट्री आणि बायोलॉजी दोन्हींच्या मिडटर्म (सेमिस्टरच्या मधल्या परीक्षा) बहुधा एकाच सुमारास येतात आणि त्याच आठवड्यात लॅब रिपोर्टही द्यायचा असतो. म्हणून पहिल्या आठवड्यातच सगळे सिलॅबस समोर ठेवून परीक्षांच्या तारखा एका कॅलेंडरवर मांडाव्यात. तीन दिवसांत दोन परीक्षा असं दोनदा दिसलं, तर ॲड-ड्रॉपची (विषय घेण्या-सोडण्याची) मुदत संपायच्या आत एक विषय बदलावा.

हे इतकं मनावर का घ्यायचं? कारण पहिल्या वर्षाचे ग्रेड पुसले जात नाहीत. बहुतेक मेडिकल स्कूल्सना अर्ज ज्या एएमसीएएस या सामाईक अर्जसेवेतून जातो, तिथे बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा जीपीए (4 पैकी सरासरी ग्रेड) वेगळा काढतात. कॅल्क्युलस त्यातच मोडतं, हे बरेच जण विसरतात. सायकॉलॉजी मोडत नाही. समजा, दोन लॅबच्या ओझ्याखाली केमिस्ट्रीत बी, बायोलॉजीत बी आणि कॅल्क्युलसमध्ये बी प्लस आला. सायन्स जीपीए होतो 3.1. तो 3.6 वर न्यायला पुढची 15 सायन्स क्रेडिट सरसकट ए मिळवावी लागतात, म्हणजे जवळपास चार विषय, तेही ऑरगॅनिकसारखे. विषय पुन्हा घेतला तर कॉलेज जुना ग्रेड झाकेलही, पण एएमसीएएस दोन्ही धरतं.

मग दोन लॅबचा रस्ता घ्यायचाच कुणी? ज्यांना चौथं वर्ष संपताच थेट मेडिकल स्कूल गाठायचं आहे त्यांनी. त्यासाठी अर्ज तिसऱ्या वर्षाच्या शेवटी, मे-जूनमध्ये जातो आणि एमकॅट ही मेडिकल प्रवेश परीक्षा त्याआधी द्यावी लागते. एमकॅटच्या चारपैकी दोन विभागांत प्रत्येकी सुमारे 25 टक्के बायोकेमिस्ट्री असते, म्हणून ती आधी झालेली हवी. पहिल्या वर्षी केमिस्ट्री आणि बायोलॉजी, दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिक, तिसऱ्या वर्षी फिजिक्स आणि बायोकेमिस्ट्री असं लावलं तरच हे बसतं. बायोलॉजी मेजर असेल तर पहिल्या वर्षी बायोलॉजी न घेतल्यास पुढचे कोर्स अडतात, म्हणून तिथेही हीच वाट. शाळेत एपी (कॉलेजच्या पातळीची) केमिस्ट्री आणि बायोलॉजी पक्की झाली असेल तर ही वाट झेपते. मात्र एपीची क्रेडिट घेऊन विषय टाळण्याआधी तपासा, काही मेडिकल स्कूल्स ती धरत नाहीत.

एक लॅबच्या वाटेवर बायोलॉजी दुसऱ्या वर्षी जाते आणि बहुतेकदा पदवीनंतर एक गॅप वर्ष येतं. पुण्याच्या मावशीला ‘बारावी झाली की नीट, मग थेट एमबीबीएस’ एवढंच ठाऊक असतं, त्यामुळे ते वर्ष वाया गेल्यासारखं वाटतं. पण इथे आता गॅप घेऊन येणारेच जास्त असतात. ‘उन्हाळ्यात ऑरगॅनिक उरकून घेऊ आणि वर्ष वाचवू’ हा उपाय मात्र महागात पडतो: वर्षाचा विषय आठ-दहा आठवड्यांत कोंबला जातो आणि एक आजारपण म्हणजे एक अख्खं प्रकरण बुडतं. दुसरं काहीच हाती नसेल तरच घ्या.

एफ-1 (विद्यार्थी) व्हिसावर किंवा शिष्यवृत्तीवर असाल तर वरच्या दोन्ही रचनांत एक भोक आहे. पूर्णवेळ राहायला सहसा 12 क्रेडिट लागतात. 15 मधून केमिस्ट्री सोडली तर 11 उरतात, 14 मधून 10. एफ-1 वर 12 च्या खाली जायचं तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी विषय सोडण्याच्या आधी लागते. दोन लॅबवाल्यांनी एक क्रेडिटचं सेमिनार जोडून 16 करावं. एक लॅबवाल्यांना दोन क्रेडिटचं काही हलकं शोधावं लागेल.

एच-4 वरच्या, म्हणजे पालकांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या मुलांचं गणित आणखी वेगळं. एकविसाव्या वाढदिवशी ते स्टेटस संपतं आणि ग्रीन कार्ड नसलेल्यांचे अर्ज घेणारी मेडिकल स्कूल्स मोजकीच आहेत. तिथे लॅब किती याआधी, गॅप वर्षात कोणत्या स्टेटसवर राहणार हे इमिग्रेशन वकिलाकडून समजून घ्या. हा अडसर नसेल आणि शाळेची केमिस्ट्री कच्ची असेल, तर आमचं मत एका लॅबच्या बाजूने.