चार्ट.जेएस: सोयाबीनचा भाव बोटाखाली

लातूरच्या मोंढ्यातले सोयाबीनचे भाव दाखवणाऱ्या माझ्या फ्लास्क (पायथनची वेब-चौकट) ॲपमध्ये चार्ट.जेएस ही आलेख काढणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी बसवली आणि मी मनापासून खूश आहे. पायथनची यादी टेम्पलेटात (पानाच्या साच्यात) ‘टूजेसन’ फिल्टरमधून द्यायची, तो ती जावास्क्रिप्टला कळेल अशी करतो, बस्स. रेषेवर बोट टेकवलं की त्या दिवसाचा क्विंटलचा दर दिसतो. मॅटप्लॉटलिब या पायथन लायब्ररीच्या स्थिर चित्रात तो अंदाजानं वाचावा लागे.

सगळ्यात आवडलं ते सुट्टीचं. मोंढा बंद असेल त्या दिवसाचा पायथनमधला ‘नन’ (म्हणजे किंमतच नाही) जावास्क्रिप्टमध्ये ‘नल’ होतो आणि रेषा तिथं तुटते. ‘स्पॅनगॅप्स’ हा पर्याय लावून ती जोडता येते. मी तुटकीच ठेवली. न झालेला सौदा शेतकऱ्याला दाखवायचा नाही.

झूमला वेगळं प्लगइन लागतं. प्लॉटली या दुसऱ्या आलेख-लायब्ररीत ते आयतं मिळतं, पण तिची पूर्ण फाइल काही एमबींची, गावाकडच्या नेटला जड. चार्ट.जेएस एमआयटी या खुल्या परवान्याखाली मोफत आहे; आता तुरीचा आलेखही यातच करतोय.