वापरलेली क्रिस्टा की एक्सयूव्ही ५००: प्रश्न तिसऱ्या रांगेचा

इंदूरमध्ये सात माणसांसाठी जुनी डिझेल गाडी बघायला निघालं की बहुतेकांची यादी दोन नावांवर येऊन थांबते: टोयोटा इनोव्हा क्रिस्टा आणि महिंद्रा एक्सयूव्ही ५००. क्रिस्टाला कुणी एसयूव्ही म्हणत नाही. पण लॅडर फ्रेम (शिडीसारखी वेगळी चौकट, तिच्यावर बॉडी) आणि मागच्या चाकांना ताकद हा जुन्या एसयूव्हीचा सांगाडा तिच्यातच आहे. एक्सयूव्ही मोनोकॉक (बॉडी आणि चौकट एकच), आणि बहुतेक पुढच्या चाकांवर चालणारी. त्याच पैशात एक्सयूव्ही साधारणपणे दोन-तीन वर्षं नवी आणि कमी चाललेली मिळते, म्हणून मन तिकडे ओढलं जातं. चार माणसं असतील तर ते योग्यही आहे: खड्ड्यांवर ती जास्त सुखाची, चारही चाकांना डिस्क ब्रेक (क्रिस्टाला मागे ड्रम), आणि तिसरी रांग पाडली की सपाट जमीन मिळते. क्रिस्टाच्या मागच्या सीटा बाजूला उचलून अडकवाव्या लागतात, त्यात रुंदी जाते.

माझा कौल मात्र एका छोट्या गोष्टीवर फिरला. पुण्या-नाशिकच्या लग्नाला सेंधवामार्गे निघा. चहाला गाडी थांबली की मागे बसलेल्यांना उतरायचं असतं. एक्सयूव्हीत त्यासाठी मधल्या रांगेची डावी सीट उलटवावी लागते, म्हणजे तिथे बसलेल्या काकूंनी आधी उतरायचं, मांडीवरचा डबा, पर्स, झोपलेलं मूल सगळं घेऊन. मग मागचे वाकून बाहेर. परतताना हेच उलट्या क्रमानं. दिवसातून चार-पाच थांबे झाले की मागे बसायला कुणी तयार होत नाही. कॅप्टन सीटच्या, म्हणजे मधल्या रांगेत दोन सुट्या सीटा असलेल्या क्रिस्टात त्या दोन सीटांमधल्या वाटेनं मागचा माणूस सरळ पुढे येतो, कुणाला उठवावं लागत नाही. साडीतल्या आजींनाही ते जमतं. शिवाय सातही जण बसल्यावर क्रिस्टाच्या डिकीत दोन-तीन बॅगा मावतात. एक्सयूव्हीत जेमतेम पिशव्या, बाकीचं सामान टपावर.

भरलेल्या गाडीचा स्वभावही वेगळा. रिकामी क्रिस्टा मागून उड्या मारते, सात जण बसले की शांत होते. ओंकारेश्वरच्या रस्त्यावरच्या भैरूघाटात पावसाळ्यात भरल्या गाडीनं चढणीवर थांबून पुन्हा निघताना मागच्या चाकांची पकड मला जास्त भरवशाची वाटते. हे मोजलेलं नाही, हाताला जाणवतं तेवढंच.

एक्सयूव्हीच घ्यायची तर क्लचवर वेळ घालवा. गरम इंजिन न्यूट्रलमध्ये ठेवून क्लच दाबा, सोडा. सोडल्यावर खडखड आणि दाबल्यावर शांत, असं झालं तर गिअरबॉक्सचं इनपुट शाफ्ट बेअरिंग किंवा ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाची थरथर शोषणारं दुहेरी चाक) संशयात आहे. पहिल्या गिअरमध्ये निघताना थरथर असेल तर संशय आणखी पक्का. क्लच प्लेटसोबत फ्लायव्हीलही बदलावं लागलं तर स्वस्तात मिळालेली गाडी स्वस्त राहत नाही. सनरूफचं मॉडेल असेल तर पुढच्या खांबाजवळ छताचं कापड आणि पायाखालचं कार्पेट हातानं चाचपा. निचऱ्याच्या नळ्या पालापाचोळ्यानं तुंबल्या की पाणी तिथेच उतरतं.

क्रिस्टात भीती टॅक्सीची, विशेषतः जीएक्स व्हेरियंटमध्ये. मीटरवर विश्वास नको. पेडलचं रबर, स्टिअरिंगची चकाकी, ड्रायव्हर सीटची डावी-उजवी कड बघा आणि चेसिस नंबरवरून सर्व्हिसची नोंद काढायला लावा. सीटबेल्ट पूर्ण ओढून त्याच्या लेबलवरचं वर्ष वाचा. गाडीपेक्षा नवं असेल तर पट्टा का बदलला ते विचारा. दोन्ही गाड्यांसाठी सकाळी, इंजिन थंड असतानाच जा. बॉनेट आधीच गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडल्यावर धूर धक्क्यानं बाहेर येत असेल तर कॉम्प्रेशन निसटतंय.

फक्त शहरात, राजवाडा ते पलासिया एवढंच फिरणं असेल तर एप्रिल २०२० नंतरचं बीएस-६ डिझेल जपून घ्या. छोट्या फेऱ्यांत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, पुरेसा तापत नाही, काजळी जळत नाही आणि फिल्टर तुंबतो.

दिल्लीकडची गाडी स्वस्त दिसते, कारण तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलला बंदीचा धाक राहिला आहे. पण एनओसी, म्हणजे तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र (फॉर्म २८), हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. बारा महिन्यांत एमपीचा नंबर घ्यावा लागतो आणि इथला आजीवन कर वेगळा भरावा लागतो. तो किमतीत धरल्यावर फरक बराचसा विरघळतो. कर्जावरची गाडी असेल तर कर्जाची नोंद काढण्यासाठी बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ हवा. विमा चौदा दिवसांत नावावर करायला टाका. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दलची सूट) जुन्या मालकाकडेच राहतो, तुमचा हप्ता वाढेल.

क्रिस्टा ठरलीच तर एक गोष्ट विसरू नका: जीएक्स आणि व्हीएक्स आठ सीटांच्याही येत. त्यात मधे सलग बाक असतो, वाट नसते, म्हणजे काकूंना पुन्हा उतरावं लागणारच. आरसीवर आसन क्षमता ७ आहे का, ते आधी वाचा. आठ लिहिलेलं असून आत कॅप्टन सीट दिसल्या तर त्या नंतर बसवलेल्या आहेत. त्यांचे बोल्ट आणि रूळ मिस्त्रीकडून खालून तपासून घ्या.