महाद्वार रोडचं सुताचं दुकान: काय घ्यावं, काय ठेवून यावं

चार स्टार. पाचवा का कापला ते पुढं येईलच.

क्रोशाला कॉटनचा दोरा कोल्हापुरात कुठं मिळतो, असं मे महिन्याची शिबिरं सुरू झाली की कुणीतरी विचारतंच. मी महाद्वार रोडच्या मागच्या बोळातल्या या दुकानात पाठवते. पाटी पार पुसट झालीय, पण दारावर रंगीत लोकरीचे गुंडे माळेसारखे टांगलेत, चुकायचं काम नाही. तो टांगलेला सगळा माल कृत्रिम धाग्याचा, म्हणजे अ‍ॅक्रिलिक. कॉटन आत, डाव्या हाताच्या कपाटात असतं आणि मागितल्याशिवाय कुणी दाखवत नाही.

मागितलं की दुकानाचे काका आधी विचारणार, "वैनी, करणार काय त्याचं?" रंगाचं, किमतीचं नंतर. काहींना हा भोचकपणा वाटतो. मला याच प्रश्नासाठी हे दुकान आवडतं.

परवा माझ्या आधी एक मुलगी उभी होती. भाचीच्या बारशाला झबलं-टोपडं करायचं होतं आणि तिचं बोट थेट चकचकीत गुलाबी मर्सराइज्डवर. काकांनी तो डबा खाली काढलाच नाही. साध्या, मंद रंगाचा एक गुंडा तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "गालाला लावून बघ." बरोबर केलं त्यांनी. मर्सराइज्ड म्हणजे कॉस्टिक सोड्यातून काढलेलं सूत. सोड्यातून काढलं की तंतू फुगून गोल होतो, मजबूत होतो, रंग चांगला पितो. सोड्याची ही करामत जॉन मर्सर या इंग्रजानं १८४४ मध्ये हेरली. सूत ताणून धरून सोडा दिला तर चकाकीही येते, हे होरेस लो यानं १८९० च्या सुमारास दाखवलं. तोरण, टेबलक्लॉथ, बटवा यांना हेच हवं. खांब न् खांब (क्रोशाचा उभा टाका) उठून दिसतो, धुतल्यावर लव सुटत नाही. पण तान्ह्या बाळाच्या मानेला ती गुळगुळीत कडक वीण कशाला? तिथं बिनमर्सराइज्ड, मऊ. भांडी पुसायच्या फडक्यालाही तेच. दिसायला गरीब, कामाला वाघ.

घेण्याआधी एक करा. दोऱ्याचं टोक चिमटीत धरून उलटा पीळ द्या. पदर लगेच फणीसारखे सुटे झाले, तर सुईचं टोक प्रत्येक टाक्यात पदरांच्या मध्ये घुसणार आणि तुम्ही उसवत बसणार. जरा जोर लावल्यावर सुटले, तर घ्या. काका हे करू देतात, कुरकुर करत नाहीत. नवशिक्यांना मी चार पदरी (हे जाडीचं नाव), फिक्या रंगाचा दोरा आणि साडेतीन मिलिमीटरची सुई सांगते. काळ्या दोऱ्यावर साखळी मोजायला गेलात तर डोळे जातील. बारीक लेसचा दोरा नंबरवर मिळतो आणि तिथं हिशोब उलटा: १० नंबर जाड, ४० नंबर बारीक. १० नंबरला साधारण दीड मिलिमीटरची सुई लागते.

स्वेटर विणणाऱ्यांनी मात्र इथं जरा थांबावं. लोकर ताणली की मागं येते, कॉटन येत नाही. लोकरीच्या नमुन्यावरून कॉटनचा स्वेटर जसाच्या तसा विणला तर मनगटाची सुलट-उलट बॉर्डर महिन्यात सैल पडते आणि घेर स्वतःच्या वजनानं खाली उतरतो. बॉर्डरला एक नंबर बारीक सुई घ्या, लांबी दोन बोटं कमीच धरा. आणि १० सेंटिमीटरचा चौकोन विणून, धुऊन, वाळवून मगच टाके मोजा. धुवायच्या आधीचं माप कॉटनच्या बाबतीत काही कामाचं नाही. आपल्याकडच्या थंडीला कॉटनचं जाकीट पुरून उरतं, पण पावसाळ्यात धुऊ नका. पाणी पिऊन जड होतं, दोरीवर टाकलं की हातभर लांबतं, आणि श्रावणात आपल्याकडं वाळतंय कुठं?

गरम भांड्याखाली ठेवायचं काही करणार असाल, तर कॉटनशिवाय दुसरं नको. अ‍ॅक्रिलिक उष्णतेनं वितळतं. शंका आली तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून मोरीत जाळून बघा. कॉटन कागदासारखा वास देत जळतं आणि मऊ करडी राख होते; अ‍ॅक्रिलिक आकसून काळी टणक गोळी होते. ऑनलाइन मागवलेल्या एका "१०० टक्के कॉटन"ची माझ्या मोरीत अशीच गोळी झाली. या दुकानातला माल अजून तरी राखच देतो.

खालच्या फळीवर इचलकरंजीचे कोन (शंकूवर गुंडाळलेलं सूत) असतात, किलोवर मिळतात, गुंड्यांपेक्षा बरेच स्वस्त. पण ते कापड विणायच्या मागासाठी काढलेलं एकपदरी सूत. २० काउंटचं (काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचा आकडा) घेतलंत तर आठ पदर एकत्र धरावे लागतात, तेव्हा कुठं ५० ग्रॅममध्ये साधारण २१० मीटर भरतात आणि चार पदरी दोऱ्याची जाडी येते. मागाच्या सुताला पीळ कडक असतो, म्हणून "होजिअरीचा (बनियनच्या कापडाचा) कोन आहे का?" असं विचारा, तो हाताला मऊ लागतो. कोऱ्या, न धुतलेल्या सुतात कापसाचं मेण तसंच असतं. त्याचा रुमाल विणला तर पाणी टिपायच्या ऐवजी वरच्या वर ओघळतं. धुण्याचा सोडा घालून तासभर उकळला की ताळ्यावर येतो, थोडा आटतोही, तेवढं धरून विणा. एवढा उपद्व्याप नको असेल तर सरळ गुंडे घ्या.

आता कापलेला स्टार. काका गुंड्यांवरचे कागदी पट्टे काढून टाकतात आणि सुटा माल एकाच डब्यात ओततात. पट्ट्यावर रंगाचा लॉट नंबर, म्हणजे एकदम रंगवलेल्या मालाचा नंबर, असतो. तो गेला की दोन लॉटमधला फरक ट्यूबलाइटखाली कळत नाही, घरी गॅलरीत दिसतो. माझ्या बेडशीटच्या मधोमध एक वेगळ्याच पिवळ्याचा पट्टा त्यापायीच आलाय, आणि सुटा माल परत घेत नाहीत. बोललं तर काका म्हणतात, "पिवळा तो पिवळाच की ओ!" हे त्यांनी सुधारायला पाहिजे. तोवर लागेल त्याच्यापेक्षा एक गुंडा जास्त घ्या, सगळे एकदमच घ्या आणि दारात उजेडाला नेऊन शेजारी शेजारी ठेवून बघा. लाल आणि गडद निळ्याचं टोक ओल्या पांढऱ्या रुमालावर चोळून बघा, रंग सुटला तर ठेवून या.

गाडी बिंदू चौकात लावून चालत जा. नवरात्रात तर त्या बाजूला फिरकूच नका. १० नंबरचा पांढरा सध्या संपलाय, मोतिया आहे.