टाकी सफाईचा धंदा आणि फोनमधली दोन फुकट साधनं: दहा महिन्यांचा अनुभव

ह्यांचा पाण्याच्या टाक्या साफ करण्याचा धंदा आहे, इथे बडोद्यातच. फोन, हिशोब आणि गिऱ्हाइकांशी बोलणं माझ्याकडे. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी 35 फुटांच्या वर गेलं आणि किती तरी सोसायट्यांच्या जमिनीखालच्या टाक्यांत पुराचं पाणी शिरलं. पुढचे तीन आठवडे फोन थांबला नाही. ह्यांनी रात्री दहा-दहापर्यंत टाक्या धुतल्या, मी वहीत नावं लिहीत गेले. डिसेंबरात बघते तर फोन गप्प. वहीत लिहिलेलं काय, तर ‘समा, मोटारवाले काका’ (समा हा इथला एक भाग). काकांना फोन करायचा तर नंबर कुठे आहे?

तेव्हा घाबरून आधी एक चूक केली. गिऱ्हाइकं मिळवून देणाऱ्या एका कंपनीचं वर्षाचं पॅकेज घेतलं, पंधरा हजार भरले. एकच चौकशी आमच्यासह चार-पाच जणांना जायची. आम्ही फोन करेपर्यंत समोरचा माणूस वैतागलेला असायचा आणि बोलणं भावावरच संपायचं. पंधरा हजार काही सुटले नाहीत.

मग जानेवारी 2025 पासून व्हॉट्सॲप बिझनेस आणि गूगलचं बिझनेस प्रोफाइल (गूगलवर शोधलं की दिसणारं आपल्या धंद्याचं पान) मनावर घेऊन वापरायला लागले. दोन्ही फुकट.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो व्हॉट्सॲपमधल्या लेबलांचा, म्हणजे गिऱ्हाइकाच्या चॅटला लावायच्या खुणांचा. वीस लेबलं करता येतात. मी बारा महिन्यांची बारा केली. टाकी जानेवारीत धुतली की त्या गिऱ्हाइकाला ‘जुलै’ लावायचं, कारण टाकी सहा महिन्यांनी पुन्हा धुवायलाच हवी. उरलेल्यांत ‘भाव विचारला’, ‘पैसे बाकी’ आणि ‘सोसायटी’. जुलै उजाडला तेव्हा ते लेबल उघडलं. त्यात 41 जण होते. प्रत्येकाला वेगळा निरोप लिहिला, मागच्या सफाईची तारीख घालून. त्यातल्या 26 जणांनी पुन्हा बोलावलं. जाहिरातीवर एक रुपया न घालवता महिना भरला, असं पहिल्यांदाच झालं.

सगळ्यांना एकदम निरोप पाठवण्याची सोय आहे, पण एका यादीत 256 जणच बसतात आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो पोचतो. हे मला उशिरा कळलं. होळीला पाठवलेला निरोप निम्म्यांना गेलाच नव्हता. आता काम झाल्यावर हे तिथेच उभं राहून नंबर सेव्ह करून घेतात. शिवाय तारीख आणि नंबर लिहिलेलं स्टिकर लावतो. आधी टाकीच्या झाकणावर लावायचो, ते उन्हाने महिन्याभरात उडायचं, आणि गच्चीवर जाऊन बघणार तरी कोण? आता मोटारच्या स्विचशेजारी लावतो. तो स्विच घरातलं कोणी ना कोणी रोज दाबतंच.

व्हॉट्सॲपमध्ये आधीच लिहून ठेवता येणाऱ्या झटपट उत्तरांनी माझा जीव वाचवला. ‘बेन, केटला थशे?’ (ताई, किती होतील?) हा प्रश्न दिवसातून दहा वेळा येतो. पूर्वी मी नुसता आकडा सांगायचे आणि समोरून ‘बीजा तो ओछा ले छे’ (दुसरे तर कमी घेतात) यायचं. आता गुजरातीत पाच ओळींचं तयार उत्तर जातं: पाणी उपसणं, गाळ काढणं, जेटने भिंती धुणं, ब्लीचिंगचं पाणी मारून पुन्हा धुणं, आणि जमिनीखालची टाकी असेल तर झाकण उघडून हवा खेळू देऊन, वर एक माणूस उभा करूनच दुसऱ्याने उतरणं. दोन माणसं का लागतात हे वाचल्यावर घासाघीस कमी झाली. सुरक्षेत मी पैसे कमी करत नाही, आणि ते लिहून ठेवल्यामुळे मला ठामपणे बोलता येतं.

गूगलचं काम हळू चालतं. आमचं दुकान नाही, म्हणून घरचा पत्ता लपवून फक्त भाग दिले: कारेलीबाग, मांजलपूर, गोत्री, सुभानपुरा वगैरे. पडताळणीसाठी व्हिडिओ द्यावा लागला. पंप, पाइप, टेम्पोवरचं नाव, सगळं एका दमात दाखवलं. पहिले तीन महिने तिथून जेमतेम चार फोन आले. ओळखीच्या एकाने सुचवलं, रिव्ह्यू लिहिणाऱ्याला शंभर रुपये सोडा. ते नियमात बसत नाही आणि मला पटतही नाही. मी फक्त लिंक पाठवते.

चित्र पालटलं ते फोटोंनी. दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यात आजी एकट्या राहतात, गुडघ्यांमुळे गच्चीवर जाता येत नाही. नातू पुण्याला. त्यानेच गूगलवर शोधून आम्हाला फोन केला. ह्यांनी धुण्याआधी टाकीच्या तळाचा फोटो काढला. बोटभर जाड, चहाच्या चोथ्यासारखा गाळ, त्यात एक गंजलेला बोल्ट. मग धुतल्यावरचा, तळाचं सिमेंट दिसणारा. आजींनी फोन डोळ्यांजवळ नेऊन दोन्ही फोटो पाहिले आणि म्हणाल्या, “हे पाणी मी देवाला घालत होते हो.” पैसे नातवाने यूपीआयने तिथूनच पाठवले आणि रात्री मराठीत लांबलचक रिव्ह्यू लिहिला. त्यानंतरच्या महिन्याभरात बाहेरगावच्या मुलांचे सहा फोन आले, सगळे आईवडिलांच्या घरासाठी. आता ह्यांचं कुठलंही काम या दोन फोटोंशिवाय संपत नाही.

नवीन माणूस या धंद्यात पडणार असेल तर मी आधी लेबलं लावायला सांगेन, गूगल नंतर. प्रोफाइलवर अनोळखी लोक येतात, पण घर चालतं ते परत बोलावणाऱ्यांवर.

आता दिवाळीची गर्दी सुरू झाली आहे. काल वाघोडिया रोडच्या एका मोठ्या सोसायटीला नोव्हेंबरची तारीख दिली. सेक्रेटरी जरा नाराज झाले. पण ‘ऑक्टोबर’च्या लेबलात 58 घरं आहेत, आणि एप्रिलमध्ये मी त्या घरांना सांगितलं होतं की दिवाळीआधी येऊ.