‘प्लेन सेलिंग’ला मराठीत काय म्हणावं: ‘सुरळीत’ की ‘सरळ’?

अनुवाद करताना ‘प्लेन सेलिंग’ (म्हणजे पुढचं सगळं सोपं, बिनअडचणीचं, अशा अर्थाचा इंग्रजी वाक्प्रचार) आलं की माझ्यासमोर दोन शब्द उभे राहतात. दोन्ही वापरून पाहिलेत.

‘सुरळीत’ चटकन सुचतो आणि बहुतेकदा खपून जातो. ‘स्मूथ सेलिंग’साठी तर मी आजही तोच घेतो, कारण तिथे समुद्रच शांत आहे. ‘नौका पैलतीरी लागली’ मात्र दोन्हीकडे टाळतो. त्यात पोचणं आहे, वाटेतला सोपेपणा नाही.

मी अडलो एका सुताराच्या आठवणींपाशी. दाराचा सांधा जमला, मग सगळं ‘प्लेन सेलिंग’, असं तो म्हणतो. मी लिहिलं, ‘मग सगळं सुरळीत पार पडलं.’ जणू एखादा समारंभच उरकला! पुढच्याच ओळीत तो रात्रीपर्यंत घाम गाळत रंधा मारतोय. ही दोन वाक्यं एकमेकांशी बोलेनात. कितीदा वाचलं तरी तेच खटकत राहिलं.

मग मूळ शोधलं. प्लेन सेलिंग ही नौकानयनातली हिशेबाची रीत आहे. पृथ्वी सपाट धरायची आणि काटकोन त्रिकोण मांडायचा: कापलेलं अंतर हा कर्ण, उत्तर-दक्षिण सरकणं एक बाजू, पूर्व-पश्चिम सरकणं दुसरी. जवळच्या पल्ल्याला उत्तर पुरेसं बरोबर येतं. लांबच्या पल्ल्याला चुकतं, कारण ६० अक्षांशावर रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावरच्या निम्माच भरतो. नकाशाकार मर्केटरने १५६९ साली यावर नवा नकाशा काढला, इंग्रज गणितज्ञ एडवर्ड राइटने १५९९ साली त्यामागचं गणित छापलं. पण ते किचकट. त्या मानाने सपाट रीत अगदी सोपी. १८६७ सालच्या एका नाविक शब्दकोशात, जिथे चूक होणंच शक्य नाही अशा कामालाही बोलीत हाच शब्द लावतात, अशी नोंद आहे. (इंग्रजीत ‘सपाट’ आणि ‘साधं’ अशा अर्थांची दोन स्पेलिंग्ज पूर्वी सरमिसळ चालत; देवनागरीत तो प्रश्नच उरत नाही.)

म्हणजे सोपा समुद्र नव्हे, हिशेब. लाटा उसळत असल्या तरी त्रिकोण तोच. म्हणून माझा कल ‘सरळ’कडे. नकारार्थी वाक्यात मात्र ‘सुरळीत’च बरा वाटतो, ‘सगळं सरळ नव्हतं’ म्हटलं की काहीतरी काळंबेरं असल्याचा वास येतो.

सुताराचं वाक्य शेवटी असं झालं: ‘सांधा जमला, आता पुढचं सरळ आहे.’ पुढच्या ओळीतला घाम मला पुसावा लागला नाही.